खिशातला अड्डा

(मुकुटबन, जि. यवतमाळ इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी विद्वान नाही. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या गोदीत कामाला लागलो. कविता लिहितो, पण आज कविता वाचत नाही. आज हिशेब मांडतो.

हिशेब आपल्या कापसापासनंच सुरू होतो. मुंबईचा मटका तुम्ही ऐकलाय. त्याचा जन्म कापसातला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला, कितीवर बंद झाला, ते आकडे तारेनं मुंबईला यायचे आणि त्यांच्यावर पैसे लागायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. 1961 साली ते आकडे यायचे थांबले. सट्टेवाले थांबले काय? त्यांनी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायला सुरुवात केली. मडकं म्हणजे मटका. 1962 साली कल्याणजी भगतनं तो धंदा उभा केला, मागनं रतन खत्री आला. गिरणगावातले पगाराचे पगार त्यात गेले.

म्हणजे बघा. कापूस वेचणारीची बोटं इकडं वणी-मुकुटबनला फाटायची. तो कापूस कातणारा तिकडं परळला खोकायचा. आणि त्याच कापसाच्या भावातनं निघालेला जुगार त्याच कामगाराचा पगार गिळायचा. कापूस आपला, घाम आपला, आकडा त्यांचा.

आता तो अड्डा गल्लीत राहिला नाही. खिशात आलाय.

गल्लीतल्या अड्ड्यावर चालत जावं लागायचं. वाटेत कुणी काका बघायचा, कुणाची बायको येऊन शिव्या घालायची. त्या शिव्यांनी किती संसार वाचले असतील. मोबाइलनं ती वाटच काढून टाकली. आई चुलीपुढं भाकरी थापते, पोरगा तिच्याच बाजूला बसून पगार हरतो, आणि तिला कळत नाही. विचारलं तर म्हणतो, "एकच डाव होता ना वं माय."

एक डाव कधीच नसतो. पहिल्यांदा बोनस देतात. थोडं जिंकला की छाती फुगते. हरला की फोन आपणहून वाजतो, "या, तुमची वाट बघतोय." पत्त्याच्या टेबलावर कोण जिंको, कोण हरो, कंपनी प्रत्येक डावात आपला कट काढते. अड्डेवाला कधी हरत नसतो. तेव्हाही नाही, आताही नाही.

हे विष विकलं कुणी? 2020 साली आयपीएलला नाव असल्याच कंपनीचं होतं. 2023 पासनं भारताच्या क्रिकेटवाल्यांच्या छातीवरही तेच नाव आलं. टीव्हीवर नट यायचे, खेळाडू यायचे, हसत हसत रमी खेळा म्हणायचे, आणि शेवटी कुणीतरी धडाधडा बोलून टाकायचं की सवय लागू शकते, जबाबदारीनं खेळा. दारू ओतणाऱ्यानंच बेताबेतानं प्या म्हणायचं, तसला प्रकार.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं छापली नाही. आमच्या वृत्तपत्राला जागा नव्हती. रमीला होती, सट्ट्याला होती, गोरं करणाऱ्या मलमाला होती. 1943 साली पुण्याच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगून ठेवलं, की इथली पत्रकारिता पेशा राहिली नाही, व्यापार झालीय. व्यापाऱ्याला वाचक नको, गिऱ्हाईक पाहिजे.

2025 च्या जुलैत विधान परिषदेतला एक व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, आणि हातातल्या मोबाइलवर रमी. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो. महिनाअखेरीस त्यांचं खातं बदललं, क्रीडा खातं दिलं! मी म्हणतो, धरून चाला त्यांचंच खरं. मग सांगा, रमीची जाहिरात जर सभागृहात बसलेल्या मंत्र्याच्या हातात घुसते, तर कापसाच्या धुऱ्यावर बसलेल्या पोराला कोण वाचवणार? आणि हा जिल्हा कुठला? शेतकरी आत्महत्या म्हटलं की ज्याचं नाव आधी येतं, तो.

ऑगस्ट 2025 ला दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. सरकारनंच सांगितलं की देशातले 45 कोटी लोक दरसाल 20,000 कोटी रुपयांच्या आसपास हरतात. सरासरी काढली तर माणशी साडेचारशेही येत नाहीत. पण जुगार सरासरीनं मारत नाही. एका घराला पन्नास रुपयांचा चटका बसतो, दुसऱ्या घराचं छप्पर जातं.

कायदा चांगला. पण परदेशात बसून सट्टा चालवणारे नावं बदलून परत येतात. आणि कायदा पैसा धरतो, वेळ कोण धरणार? पैसे न लावताही रात्र रात्र बोटं चालतातच. भांडवलदारानं आधी आपले आठ तास घेतले. उरलेले तास आपले होते. त्या तासांतनं जलसे उभे राहिले, मोर्चे निघाले, विहारं बांधली गेली. भीमराव कर्डकांचा जलसा ऐकायला माणसं एकमेकांना चिकटून बसायची. आता तेही तास विकत चाललेत, फुकटात.

गोदीत माल वर चढत असला की खालचा माणूस खूण करणाऱ्याच्या हातावरनं नजर काढत नाही. नजर गेली की जीव गेला. एकमेकांकडं बघणं हीच आमची संघटना. पाळी सुटली की तीच टोळी जेवायला बसते, आणि दहा माणसं दहा पडद्यांत जातात. पगार कापला गेल्याची गोष्ट बाजूच्याला दोन दिवसांनी कळते. अशी टोळी संप काय करणार?

आमच्यातल्याच एका दोस्ताचा पगार असा डावात गेला. त्यानं मोबाइलवरच्या एका कर्जवाल्याकडनं आठ हजार उचलले. कर्ज देताना त्यांनी फोनमधल्या नंबरांची सगळी यादी घेतली. हप्ता चुकला तसे फोन सुरू झाले. सासऱ्याला, जुन्या मास्तरांना, बहिणीच्या सासरी. जुना सावकार भांडी, जमीन तारण घ्यायचा. ह्या सावकारानं नाती तारण घेतली. दोस्त पंधरा दिवस कुणाशी बोलला नाही. बोलला तेव्हा सगळ्यांनी मिळून पैसे भरले. त्याला कर्जानं मारलं नसतं, लाजेनं मारलं असतं.

म्हणून आज इथं एवढंच मागतो. ज्याचे पैसे गेलेत त्यानं बोलावं. नवा कायदा खेळणाऱ्याला गुन्हेगार धरत नाही, मग आपणच आपल्या भावाला का धरायचं? त्याला हसू नका, त्याच्या शेजारी बसा. रोज संध्याकाळी एक तास फोन घरी ठेवून विहारात या. एकानं पेपर वाचावा, बाकीच्यांनी भांडावं. कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीत कबड्डीचं एक मैदान आखा. कबड्डीत समोरच्याचा हात धरावा लागतो, त्याचा श्वास ऐकू येतो. पडलो तर तोच उठवतो.

आपल्याला शेकडो वर्षं माणसाचा स्पर्श नाकारला गेला. तो आपण लढून मिळवला. आता तो एका काचेसाठी सोडायचा काय?

जयभीम.