पांढरे केस, नीटनेटकेपणा आणि आपण

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांला आरोग्यावर चार शब्द बोलावयास सांगितले. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेच्या काऊंटरवर बसणारे कारकून आहोत. तेव्हा जो अनुभव रोज डोक्यावर घेऊन फिरतो, त्यावरच बोलावे असे ठरविले. तो विषय म्हणजे आमचे पांढरे केस. विषय क्षुल्लक वाटेल, पण या क्षुल्लक गोष्टीपायी आम्ही १९ वर्षे भीतीत काढली, म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहोत.

आमचे केस २००३ साली, वयाच्या २६ व्या वर्षी पिकू लागले. आईचेही तिशीच्या आत पिकले होते. तिने आयुष्यभर केसांना खोबरेल तेलाखेरीज काही लावले नाही. परंतु आम्हांला नोकरी लागली तेव्हा तीच म्हणाली, "पोरी, तू आता खुर्चीवर बसणार. चार लोकांत नीटनेटकी राहा."

आईच्या या शब्दांमागे इतिहास आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना उपदेश केला, की लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अंगावरचे ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा आणि मुलींना शिकवा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गबाळे म्हणून हिणवले गेले, त्यांच्यासाठी टापटीप ही चैन नव्हती, ती स्वाभिमानाची बाब होती. ते शब्द पुढे घरोघरी पोचले, तसे आमच्या आईपर्यंतही पोचले. आम्ही मात्र त्याचा अर्थ भलताच लावला. नीटनेटके राहणे म्हणजे काळे केस, असे आम्ही धरून चाललो.

मग दर तीन आठवड्यांनी रविवारी वाटी, ब्रश, जुना टॉवेल आणि रंगाचे पाकीट असा कार्यक्रम सुरू झाला. तीनच आठवडे का, त्याचेही कारण आहे. केसाचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी ते तयार करतात. वयोमानाने किंवा आनुवंशिकतेने त्या पेशी कमी झाल्या, की नवा केस पांढराच उगवतो. डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे तीन आठवड्यांत भांगामध्ये पांढरी रेघ उमटते आणि आपले गुपित फुटते. आम्ही हिशेब करणारी माणसे, म्हणून एकदा हाही हिशेब मांडला. १९ वर्षांत तीनशेहून अधिक वेळा रंग लावला. दर खेपेस दीड तास धरला, तर वीस दिवस आणि वीस रात्री आम्ही डोक्याला रंग फासून बसलो होतो!

वेळ गेला त्याचे एवढे दुःख नाही. दुःख दुसऱ्या गोष्टीचे आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येतात. २०१४ पासून हे काम घरबसल्याही होऊ लागले, तरी कित्येक वृद्ध माणसे काऊंटरवर येणेच पसंत करतात. जुना फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहणे हे आमचे काम. अशाच एका नोव्हेंबरात एक आजी अंगठा देता देता म्हणाल्या, "बाई, तुझे केस किती काळेभोर! माझ्या सुनेचे तर कधीच पिकले." आम्ही पटकन उत्तरलो, "आमच्या घराण्यातच आहेत काळे केस." त्या वेळी आमची पांढऱ्या केसांची आई घरी आमच्या मुलीला जेवू घालत होती. कोणी विचारले नसताना, काही कारण नसताना आम्ही आईलाच नाकारले. दर पौर्णिमेला विहारात खोटे न बोलण्याचे शील आम्ही सर्वांबरोबर मोठ्याने म्हणतो. त्या पौर्णिमेला ते म्हणताना जीभ अडखळली.

तरीही आम्ही रंग सोडला नाही. २०२० साली टाळेबंदी झाली. बँका चालू होत्या, आम्ही रोज कामावर जात होतो. घरातले पाकीट संपले आणि भांगात बोटभर पांढरा पट्टा दिसू लागला. आम्ही डोक्यावरून ओढणी घेऊ लागलो. लोकांना वाटले, आम्ही रोगापासून जपत आहोत. दुकाने उघडली त्या आठवड्यात आम्ही पहिली खरेदी रंगाच्या पाकिटाची केली.

अखेर २०२२ मध्ये शरीरानेच हिशेब मागितला. रंग लावल्याच्या दुसऱ्या दिवशी कपाळ व कानांमागची कातडी खाजू लागली आणि तिसऱ्या दिवशी डोळे सुजून मिटले. त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी केली. पीपीडी नावाच्या रसायनाची अॅलर्जी निघाली. इतकी वर्षे काही झाले नाही, आताच कसे, असे आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, ही अॅलर्जी वर्षानुवर्षे वापर केल्यावरही उद्भवते आणि एकदा आली की सहसा जात नाही.

या रंगांची माहिती थोडी सांगतो. १८५६ साली विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून कोयनेल बनवू पाहत होता. कोयनेल राहिले बाजूला, जांभळा रंग हाती आला. तेथून कृत्रिम रंगांचा उद्योग वाढला. पुढे १९०७ साली फ्रान्समध्ये यूजीन श्युलर या रसायनतज्ज्ञाने केसांचा कृत्रिम रंग तयार करून तो बाजारात आणला. आजच्या बहुतेक पक्क्या रंगांत पीपीडी किंवा त्याच्या जातीचे रसायन असते. अमोनियासारख्या द्रव्याने केसाचे वरचे आवरण सैल होते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे रंग आतमध्ये तयार होऊन अडकून बसतो. काळ्या मेंदीनेही फसू नये. मेंदीचे पान एकटे कधी काळा रंग देत नाही, ते तांबूसच रंगते. पाकिटावर मेंदी आणि रंग काळा, तर आत आणखी काय आहे ते बारीक अक्षरांत वाचावे. ते निळीचे पान असेल, पीपीडीही असेल.

पण उगाच घाबरवणेही योग्य नाही. रंगाने कर्करोग होतो असे सरसकट बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की केशकर्तनाच्या व्यवसायात रोज या रसायनांत काम करणाऱ्यांना धोका संभवतो. घरी स्वतःपुरता रंग लावणाऱ्यांबाबत मात्र ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. बुद्धिवादी माणसाने जेवढा पुरावा, तेवढेच बोलावे.

खरे सांगायचे तर आम्ही धैर्याने रंग सोडला नाही, अॅलर्जीने सोडायला लावला. पण पीपीडी नसलेले काही रंग चाचणी करून वापरता येतील, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा निर्णय आमच्या हातात आला. त्या रात्री त्या आजी आठवल्या. आम्ही नको म्हणालो.

मग केस कानाबरोबर कापले. वर पांढरे, खाली काळे असे कित्येक महिने हिंडलो. "बरे नाही का?" "घरी काही झाले का?" असे रोज कोणीतरी विचारी. बसमध्ये एका मुलाने "आजी, बसा" म्हणून जागा दिली. यजमानांचे केस आमच्याइतकेच पिकलेले, त्यांना मात्र लोक रुबाबदार म्हणतात! पुरुषाचे पिकले तर अनुभव, बाईचे पिकले तर हयगय, हा न्याय कोणता?

सर्वांत कठीण प्रसंग घरचाच होता. भाचीचे लग्न ठरले. थोरली बहीण म्हणाली, "लग्नापुरते तरी काळे कर, वरपक्षाकडचे काय म्हणतील?" आम्ही अॅलर्जीचे कारण पुढे केले असते तर विषय मिटला असता. पण पुन्हा अर्धेच खरे बोलावे लागले असते. आम्ही सांगितले, "ताई, आता लपवायचे नाही." ती लग्नभर आमच्याशी धड बोलली नाही. आजही ती केस रंगवते. आम्ही तिला नावे ठेवीत नाही. ज्याला हौस आहे त्याने जरूर रंगवावेत. आमची हौस नव्हती, भीती होती, एवढाच फरक.

जातककथांत मखादेव राजाची कथा आहे. मिथिलेच्या या राजाने न्हाव्याला सांगून ठेवले होते, की माझ्या डोक्यात पांढरा केस दिसताच मला सांग. एके दिवशी न्हाव्याने तो केस उपटून राजाच्या तळहातावर ठेवला. राजाने त्याला शिक्षा केली नाही, उलट गावाचे उत्पन्न बक्षीस दिले, राज्य मुलाच्या हाती सोपविले आणि गृहत्याग केला. आपण गृहत्याग करावा असे आम्ही सुचवीत नाही, आमचे गृहकर्जाचे हप्ते अजून बाकी आहेत! पण राजा म्हणाला, मला सांग. आम्ही १९ वर्षे म्हणत होतो, कोणाला सांगू नको. आणि पांढऱ्या केसांचा मानही मागू नये. केवळ डोके पिकल्याने कोणी थोर होत नाही, असे धम्मपदातही सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे २५ वर्षांच्या आत केस पिकले तर ते अकाली समजतात. तसे झाल्यास चिडवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, डॉक्टरांकडे जा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा विकार नाही ना, हे तपासून घ्या. बहुतेक वेळा कारण आनुवंशिक असते. एक केस उपटला की चार पांढरे येतात हे खोटे, पण उपटूही नका, मुळाला इजा होते. रंग लावायचाच असेल तर ४८ तास आधी थोडासा कानामागे लावून पाहा. खाज आली तर डोक्याला लावू नका.

भगिनींनो, आमचे केस आता पूर्ण पांढरे आहेत. रोज धुतलेले, विंचरलेले, नीट कापलेले. बाबासाहेबांनी सांगितलेली टापटीप यात कोठेही कमी पडत नाही. नीटनेटकेपणा वेगळा आणि लपवाछपवी वेगळी, हे समजायला आम्हांला १९ वर्षे लागली. तुम्हांला तेवढी लागू नयेत.

२०२३ च्या नोव्हेंबरात त्या आजी पुन्हा दाखल्यासाठी आल्या. आमच्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "आजारी होतीस काय गं?" आम्ही सांगितले की नाही, पूर्वी रंग लावीत होतो, आमच्या आईचेही केस असेच पांढरे आहेत. आजी क्षणभर थांबल्या. "मग तेव्हा खोटं बोललीस होय?" असे म्हणून हसल्या आणि अंगठा देण्यासाठी हात पुढे केला. आम्ही त्यांचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, दाखल्यावर सही केली.