सेरामपूरच्या कॉलेजचा कारभार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या विद्वान पाहुण्या बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा आपल्यापैकीच कोणीतरी बोलावे असे ठरले, चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव माझे निघाले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही अडीच वर्षे बंगालमध्ये सेरामपूरला राहिलो, तेव्हा तिथल्या कॉलेजविषयी पुष्कळ ऐकले आणि मागाहून मिळेल ते वाचले. तेच आज सांगते. आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे झाली. नियम कोणी करायचे, बँकेत सही कोणाची, यावरून गेल्या वर्षी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मुद्दाम हीच गोष्ट निवडली.

सेरामपूरला श्रीरामपूरही म्हणतात, पण हे आपल्या नगरकडचे श्रीरामपूर नव्हे. हे कलकत्त्याच्या वरच्या अंगाला, हुगळीच्या काठी. समोरच्या तीरावर बराकपूर. त्या काळी हे गाव डेन्मार्कच्या राजाचे होते. इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना राहू देत नसे, म्हणून १८०० साली विल्यम कॅरे, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी इथे बिऱ्हाड केले. कॅरे मूळचे जोडे शिवणारे, वॉर्ड छापखान्यातले, मार्शमन शाळामास्तर. तिघेही बाप्टिस्ट पंथाचे.

मला त्यांची पहिली गोष्ट आवडली ती घरातली आहे. सगळी कुटुंबे एका मोठ्या घरात राहत आणि एका टेबलावर जेवत. घरचा कारभार एकाने एक महिना पाहायचा, मग दुसऱ्याने. पैशांचा हिशेब कॅरे यांच्याकडे, औषधांची पेटीही त्यांच्याकडेच. कोणी स्वतःसाठी वेगळा धंदा करायचा नाही, मिळेल ते सर्वांचे. आणि शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली असे. आठवड्यात ज्यांचे ज्यांचे बिनसले असेल त्यांनी त्या दिवशी बसून ते मिटवायचे. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला याची किंमत सांगायला नको. आपल्याकडे रुसवे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरवून पुरवून वापरतात!

मार्शमनांच्या पत्नी हॅनाबाई यांनी त्याच वर्षी निवासी शाळा काढली. त्या शाळेच्या उत्पन्नाचा सर्व कामाला मोठा आधार होता. कॅरे कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि आपली मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली छापला. कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. नोकरीच्या पगारातले घरखर्चापुरते ठेवून बाकीचे ते सामायिक खात्यात घालीत.

अशा पैशांतून आणि देणग्यांतून १८१८ साली कॉलेज निघाले. आशियातल्या ख्रिस्ती आणि इतरही तरुणांनी इथे पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपातले शास्त्र शिकावे असा हेतू होता. पहिले विद्यार्थी ३७, त्यांतले १९ ख्रिस्ती, बाकीचे इतर. पुढे १८२७ साली डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. सनद म्हणजे आपल्या भाषेत मंडळाची नोंदणी म्हणा. कॉलेज कोणा एका माणसाचे राहिले नाही. ते कौन्सिलचे झाले. १८३३ च्या नियमांत जात, रंग किंवा देश यांवरून कोणालाही प्रवेश नाकारू नये असे लिहिले. त्या काळी असे लिहून ठेवणे लहान गोष्ट नव्हे.

पण त्या कौन्सिलात होते कोण? कॅरे, मार्शमन आणि मार्शमनांचा मुलगा जॉन. वॉर्ड १८२३ सालीच वारले होते. तिघांत बाप आणि लेक दोघे! माणसे कितीही सचोटीची असोत, बाहेरच्याला हे खटकणारच. आणि जिच्या शाळेच्या पैशांवर एवढे उभे राहिले त्या हॅनाबाईंचे नाव त्यात नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ तशीच बसले होते.

भांडण मात्र सनदेच्या आधीपासून धुमसत होते. विलायतेतली जी सोसायटी यांना पाठवणारी, तिचे जुने चिटणीस वारल्यावर नवी मंडळी आली. ती म्हणू लागली की, सेरामपूरची जमीन आणि इमारती आमच्या ताब्यात असाव्यात. हे तिघे म्हणत, आम्ही स्वतः मिळवून उभे केले, आम्ही मालक नसून विश्वस्त आहोत, पण कारभार इथूनच चालेल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. त्यातून नवे तरुण मिशनरी आले, त्यांना थोरल्यांचा एकहाती कारभार सोसेना. ते वेगळे होऊन कलकत्त्याला गेले आणि त्यांनी आपले निराळे काम मांडले. त्यांत खुद्द कॅरे यांचा पुतण्या युस्टेस होता. शेवटी १८२७ साली, ज्या वर्षी सनद मिळाली त्याच वर्षी, सेरामपूर आणि सोसायटी यांची फारकत झाली. ती दहा वर्षांनी, १८३७ साली मिटली. तोवर कॅरे जाऊन तीन वर्षे झाली होती, आणि मार्शमनही त्याच वर्षाअखेर गेले. शनिवारची संध्याकाळ एका घरापुरती पुरली. समुद्रापलीकडच्या आणि पुतण्याच्या पिढीच्या माणसांना बसायला त्या टेबलाशी जागा केलेली नव्हती.

कॉलेज टिकले ते कागदामुळे, असे मला वाटते. १८४५ साली डेन्मार्कने सेरामपूर आणि दक्षिणेतले त्रांकेबार ही ठाणी साडेबारा लाखांना इंग्रज कंपनीला विकली. गाव विकले गेले, तरी तहात कलम घालून कॉलेजची सनद राखली होती. पुढे मात्र दिवस उतरते आले. १८८३ साली वरचे वर्गही बंद झाले. धर्मशिक्षणाच्या पदव्या देण्याचा अधिकार तर कोणी वापरलाच नव्हता. आपण माहेरचा शालू पेटीत ठेवतो तशी ती सनद पडून होती.

ती बाहेर काढली प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी. नवे वर्ग सुरू झाले आणि १९१५ साली धर्मशिक्षणाच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या, सनदेनंतर ८८ वर्षांनी. हॉवेल्स यांचे शहाणपण असे की, पदव्या एकट्या बाप्टिस्टांच्या राहिल्या तर लूथरन, मेथॉडिस्ट, सीरियन मंडळी आपली मुले कशाला पाठवतील, हे त्यांनी ओळखले. १९१८ साली बंगालच्या कायदेमंडळात सेरामपूर कॉलेजचा कायदा झाला. कौन्सिल वाढवले आणि सिनेट म्हणून दुसरी सभा नेमली. तिच्यात निरनिराळ्या पंथांचे लोक घेतले.

ही दोन सभांची मांडणी मला शेजारच्या दीदींनी समजावून सांगितली. त्या तिथेच शिकवीत असत. कौन्सिलकडे सनद, मालमत्ता आणि सगळ्याची अखेरची जबाबदारी. धर्मशास्त्रात काय शिकवायचे, परीक्षा कशी घ्यायची, हे सिनेट पाहते. रोजचा कारभार प्राचार्यांकडे. घर कोणाच्या नावावर, आज काय शिजवायचे आणि चुलीपाशी कोण, हे तीन प्रश्न वेगळे ठेवले, म्हणजे एकच बाई तिन्हीकडे नको. देवाला कसे भजावे यावर या पंथांचे एकमत नाही. बाप्टिस्ट लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, लूथरन देतात. तरी एका प्रश्नपत्रिकेवर त्यांचे जमले, कारण कोणी कोणाचा विश्वास बदलायला बसलेला नाही. आज देशभरची पन्नासांहून अधिक कॉलेजे या सिनेटशी जोडलेली आहेत, त्यांत बंगलोरचे आहे आणि आपल्या पुण्याचेही आहे. सेरामपूरला मात्र धर्मशिक्षणाबरोबर कला, विज्ञान, वाणिज्य हे वर्गही आहेत आणि तिथे सर्व धर्मांची मुले-मुली शिकतात.

१९४९ साली सी. ई. अब्राहम हे पहिले भारतीय प्राचार्य झाले. ते केरळचे, मार्थोमा पंथाचे. बाप्टिस्टांनी काढलेल्या कॉलेजच्या मुख्य खुर्चीवर दुसऱ्या पंथाचा माणूस बसला. संस्थापकांचा मान गेला का? त्यांची नावे तिथे आजही घेतली जातात. आमच्या घरमालकीणबाई गणपतीच्या तसबिरीखाली बसून कॅरेसाहेबांच्या गोष्टी सांगत.

आता आपल्याकडे. ज्या पाच जणींनी अंगावरचे दागिने मोडून हे मंडळ काढले त्यांच्याविषयी माझ्या मनात केवळ आदर आहे, त्यांतल्या दोघी समोर बसल्या आहेत. पण पंचवीस वर्षे त्याच पाच नावांतून कार्यकारिणी फिरते. गेल्या वर्षी नव्या इमारतींतल्या अकरा जणी निघून गेल्या आणि त्यांनी पलीकडे निराळे मंडळ काढले. त्या भांडकुदळ होत्या असे म्हणणे सोपे आहे. युस्टेसविषयीही तसेच म्हणणारे असतीलच.

नियमांचा जो मसुदा आज दुपारी वाचला जाणार आहे त्यातले चौथे आणि सातवे कलम नीट ऐका. चौथ्यात अध्यक्ष आणि खजिनदार एका घरातल्या नसाव्यात असे आहे. सातव्यात कार्यकारिणीच्या निम्म्या जागा दर तीन वर्षांनी मोकळ्या करायच्या आहेत, आणि दोन जागा मंडळात येऊन पाच वर्षे न झालेल्या सभासदांना राखायच्या आहेत. त्या दोन जागांना काहींचा विरोध आहे हे मला माहीत आहे. त्यांनी तो उघड सभेत मांडावा. माझे मत सातव्या कलमाच्या बाजूने आहे, आणि त्या अकरा जणींना आजच्या जेवणाचे आमंत्रण मी काल घरोघर जाऊन दिले आहे. सहा जणी येते म्हणाल्या आहेत, तेव्हा पाने वाढवून मांडायला हवीत.