थांबण्याचे बळ : स्वागताध्यक्षीय भाषण



सरकारी दप्तरात सातारा आणि दक्षिण सातारा हे जिल्हे १९४९ साली विभक्त झाले व पुढे १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु ऊस, हळद, आले आणि द्राक्षे पिकविणाऱ्या लहान खातेदाराची विवंचना दोहोंकडे एकच राहिली. पीक हाती आल्यावर योग्य भाव येईपर्यंत थांबण्याचे बळ त्याच्यापाशी नाही.

हळदीचेच पाहावे. सांगलीजवळच हरिपुरात जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद कीड न लागता दीर्घकाळ टिकत असे, आणि पेव उघडल्यावर आतील कोंडलेली हवा निवळेपर्यंत माणसास खाली उतरू देत नसत. ज्याची हळद पेवात, त्याला तेजीची वाट पाहणे परवडे. सावकाराचे देणे डोक्यावर असलेला एक-दीड एकराचा धनी मात्र ऐन हंगामात, पडत्या भावाने, आपला माल अडत्याच्या दारात रिता करी. रुमालाखाली बोटे दाबून दर ठरविण्याची हत्तापद्धत मागे पडली, १९३९ च्या कायद्याने बाजार समित्यांचे नियमन आले, तरी ही लाचारी केवळ कायद्याने हटणारी नव्हती. गावच्या सोसायटीने वेळेवर पीककर्ज दिले आणि १९९०-९१ पासून पणन मंडळाच्या तारण योजनेत गोदामातील मालावर किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू लागली, तेव्हा कोठे लहान शेतकऱ्यास नकार देता येऊ लागला.

मेक्सिकोच्या लहान कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेची कॉफी १९८८ साली हॉलंडमध्ये न्याय्य व्यापाराच्या शिक्क्यानिशी विक्रीस आली, तिच्या मुळाशीही उत्पादकास हे थांबण्याचे बळ देण्याचाच विचार होता. किमान भाव आधी ठरलेला असावा आणि वरकड रकमेचा विनियोग उत्पादकांच्या सभेने ठरवावा, ही त्या व्यापाराची रीत आपणांस अपरिचित नाही. सांगलीत वसंतदादा पाटलांनी आणि वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी साखर कारखाने उभारले ते याच निष्ठेने. कारखान्यांच्या आधारावर या मुलखात शाळा-महाविद्यालये उभी राहिली, हे आपण सर्व जाणतो.

परंतु स्वागताध्यक्षाने केवळ गौरव गावा, हे मला मान्य नाही. ऊस तुटल्यापासून नव्हे, कारखान्यास पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हे पैसे जेथे रखडतात, वजनकाट्यावर जेथे सभासदाचा विश्वास उरत नाही आणि संचालकपद जेथे वतन समजले जाते, तेथे सहकाराचे नुसते नावच शिल्लक राहते. शिवाय माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतील जिरायतदार आणि मराठवाड्यातून येणारा ऊसतोड मजूर यांना या न्यायात अद्याप पुरता वाटा मिळालेला नाही.

प्रतिनिधी मंडळींना माझी नम्र विनंती आहे की, ठरावांचे मसुदे करताना प्रथम काट्याची तपासणी, मुदतीत चुकते होणारे बिल आणि या वंचितांचे सभासदत्व हे तीन विषय घ्यावेत, आणि त्यांचा तालुकावार अहवाल पुढील परिषदेत मांडावा.