साठवण आणि साक्ष



या परिषदेत सर्व्हर, क्लाउड, बॅकअप यांवर तज्ज्ञ बोलतीलच. मी सातव्या शतकातल्या अरबस्तानात सुरू झालेल्या एका जतनकार्याबद्दल, कुराणाच्या पाठाबद्दल, बोलणार आहे. धर्मग्रंथात संगणकाची बीजे शोधण्याचा उद्योग मला करायचा नाही. पण ते जतन करणाऱ्यांपुढचा प्रश्न आणि आपला प्रश्न एकच आहे. मजकूर हजारो हातांतून जाणार, तर तो बदलला नाही याची हमी कोण देणार?

इ.स. 632 मध्ये प्रेषित मुहम्मद यांचे निधन झाले, तेव्हा कुराण अनेकांना मुखोद्गत होते. लिखित भाग खजुरीचे देठ, पातळ दगड, कातडी यांवर विखुरलेला होता. लवकरच यमामाच्या लढाईत कितीतरी पाठक कामी आले. प्रेषितांचे सहकारी उमर यांनी खलिफा अबू बकर यांना गळ घातली आणि संकलनाचे काम जैद इब्न साबित यांच्याकडे आले. जैद हे स्वतः प्रेषितांचे लेखनिक. तरीही त्यांनी एकट्या स्मरणावर भिस्त ठेवली नाही; लेखी तुकडे आणि लोकांचे पाठांतर दोन्ही गोळा करून ताडून पाहिले, असे परंपरा सांगते. दोन स्वतंत्र माध्यमांत साठवण आणि एकाची दुसऱ्याशी पडताळणी, हे तत्त्व आपण आजही सोडलेले नाही.

पुढे 650 च्या सुमारास सीमेवरच्या सैन्यात पठणभेदावरून वाद होऊ लागले. खलिफा उस्मान यांनी प्रेषितांच्या पत्नी हफ्सा यांच्याकडची संकलित पाने मागवली, जैद यांच्यासह चौघांकडून प्रती करवून घेतल्या, त्या प्रमुख शहरांत पाठवल्या आणि इतर लेखी प्रती जाळायला सांगितल्या. एकवाक्यता साधली, पण प्रमाण प्रत ठरते तेव्हा काही हरवतेही. 1972 मध्ये येमेनमधील सना येथील मोठ्या मशिदीत जुनी हस्तलिखिते सापडली. त्यांतल्या काही चर्मपत्रांवरचा मूळ मजकूर पुसून त्यावर पुन्हा कुराण लिहिलेले आहे, आणि पुसलेल्या थरात वेगळे शब्द व अध्यायांचा वेगळा क्रम दिसतो. अभ्यासकांना आज तो थर मोलाचा वाटतो. दुहेरी नोंदी म्हणून आपण डेटाबेसमधले काही पुसतो, तेव्हा काय पुसले आणि का पुसले, हे लिहून ठेवायला हवे.

सुरुवातीच्या अरबी लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरे वेगळी ओळखवणारे बिंदू, क्वचितच असत, स्वरचिन्हे नव्हती. अनेक अक्षरे सारखीच दिसत. पान शाबूत असले, तरी पाठ माहीत असलेल्यालाच ते नीट वाचता येई. अबुल अस्वद अद-दुअली यांचे स्वरबिंदू, नंतर आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांची स्वरचिन्हे, अशा टप्प्यांनी ही अडचण दूर झाली. मराठी मुद्रणात आपण हेच भोगतो आहोत. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेल्या असंख्य फायली सुरक्षित आहेत, पण तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. नुसती साठवण म्हणजे जतन नव्हे.

पाठ शुद्ध राहावा म्हणून विद्वानांनी आयती (कुराणातील वचने), शब्द, अक्षरेही मोजली. कूफा परंपरेच्या गणनेत 6236 आयती आहेत. फाईलच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, म्हणजे आपले चेकसम, याच जातीचे, फक्त कितीतरी काटेकोर. एका बिटचा फरकही ते पकडतात. पण चेकसम फक्त बदल झाला की नाही एवढेच सांगतो. मुळात चुकीची फाईल साठवली असेल, तर चूकही तो तितक्याच निष्ठेने राखतो. ही उणीव कुराणपठणाच्या परंपरेने माणसाच्या साक्षीने भरून काढली. शिष्य संपूर्ण पाठ उस्तादांना ऐकवतो, चूक जागीच दुरुस्त होते, मग त्याला इजाजा, म्हणजे पुढे शिकवण्याची परवानगी, मिळते. त्यात गुरूपासून मागे प्रेषितांपर्यंत नावांची साखळी असते. 2007 मध्ये सुरू झालेल्या तंजील प्रकल्पानेही युनिकोडमधला कुराणपाठ आधी संगणकाच्या नियमांनी तपासला आणि मग माणसांकडून मदीनेत छापलेल्या प्रतीशी ताडून घेतला.

आपल्याकडे संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. कोणी, केव्हा, काय केले हे आपण आजही सांगू शकतो. मात्र आज स्कॅन होणाऱ्या कित्येक मराठी ग्रंथांबद्दल मूळ प्रत कोणती, टंकलेखन कोणाचे, तपासणी कोणाची, हे आपल्याला सांगता येत नाही.

म्हणून माझी विनंती एकच. प्रत्येक डिजिटल ग्रंथासोबत या तीन गोष्टींची नोंद सक्तीची करा आणि तपासणाऱ्याचे नाव त्यावर घाला. यंत्राचा पुरावा जरूर घ्या, पण जबाबदारी नावानिशी माणसाने घेतली पाहिजे. या परिषदेने तसा ठराव करावा, असे माझे आवाहन आहे.