टेकडीची वाट आणि आपली धाव

(रौप्यमहोत्सवी टेकडी-धावेआधी स्वयंसेवकांच्या सभेत केलेले भाषण)



कसं धावायचं हे सांगायला मी उभा नाही. ते सांगणारे आपल्या बी विंगमध्ये पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते वाटेबद्दल. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मी वेताळ टेकडीवर जातो, एवढीच माझी पात्रता.

मागच्या सभेत सूचना आली की दगड काढून, मुरूम टाकून, रोलर फिरवून वाट तयार करावी. भावना चांगली आहे. पण मंडळी, सपाट रस्ताच हवा असेल तर पौड रस्ता आहेच की! टेकडीची वाट रुतलेल्या दगडांनीच धरून ठेवलेली असते. असा दगड उपटला की तिथे खड्डा पडतो, जूनमध्ये त्यात पाणी शिरतं आणि पावसाळा संपेपर्यंत वाटेचा ओहळ झालेला असतो. तेव्हा पायाने दाबून बघायचं. हलला तर बाजूला, नाही हलला तर त्याला नमस्कार करून पुढे.

खरा धोका पाचोळ्याचा आहे. या दिवसांत गिरिपुष्पाची पानं गळतात आणि फांद्यांवर गुलाबी फुलं येतात. फोटो काढणाऱ्यांची चैन असते. पण उतारावर खाली पानांचा थर आणि त्याखाली मुरमाचे गोल खडे. ट्रेकवाली मुलं याला घसारा म्हणतात. त्यावर धावता पाय पडला की माणूस बसलाच. म्हणून फक्त उतारावर, फक्त दोन फूट रुंद पट्टा खराट्याने झाडायचा. सपाटीवरचा पाचोळा तसाच राहू द्या. वाटेच्या कडेला तर अजिबात झाडू नका. रातवा अंडी घालतो ती जमिनीवर, पानांतच. टिटवी खड्यांत घालते. आपल्याला ती दिसणार नाहीत, खराट्यालाही दिसणार नाहीत.

झाडलेल्या पाचोळ्याचा ढीग करायचा नाही. झाडांखाली पातळ पसरायचा. ढीग दिसला की कोणाला तरी काडी लावायची हुक्की येतेच. वाळलेलं कुसळी गवत पेटलं की वाऱ्याबरोबर वणवा किती भराभर पळतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. काळ्या पडलेल्या उतारावरून मी चाललोय. मोठी झाडं वाचतात, पण गुडघ्याएवढी रोपं जातात, म्हणजे पुढची झाडंच जातात. त्यामुळे सुरुवातीला फटाक्यांची माळ लावायचा बेत ज्यांनी केलाय, त्यांना हात जोडून सांगतो, शिट्टी वाजवू. राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, हे मी जुन्या सवयीने नमूद करतो.

आता प्रायोजकांचा विषय. त्यांना झाडांना खिळे ठोकून फलक लावायचेत. माझं मत स्पष्ट आहे. पैसे गेले तरी चालतील, टी-शर्टाशिवाय धावू. समितीत यावर दोन तट आहेत हे मला ठाऊक आहे. राग आला तर माझ्यावर काढा, झाडावर नको.

खुणांसाठी ऑइलपेंट नको, तो वर्षानुवर्षं दगडावर राहतो. जमिनीवर चुन्याच्या फक्कीचे बाण काढू आणि फांद्यांना डोळ्यांच्या उंचीवर लाल कापडाच्या पट्ट्या बांधू. चुकीची वाट फुटते तिथे वाळक्या फांद्या आडव्या टाकू. त्या पडलेल्याच घ्यायच्या, तोडायच्या नाहीत. पट्ट्या मी मोजून देणार आणि संध्याकाळी मोजून परत घेणार. साठ दिल्या तर साठ. एक कमी पडली तरी टॅली होईपर्यंत कोणी घरी जायचं नाही. बँकेत आम्ही असेच बसायचो.

वाट अरुंद आहे. सगळे एकदम सोडले तर पुढे जाण्यासाठी लोक गवतात घुसतात, मग तिथे दुसरी वाट पडते आणि पावसात तिचीही माती जाते. म्हणून दहा-दहांच्या तुकड्या, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने. जोरात पळणारे आधी, आमच्यासारखे सत्तरीचे शेवटी.

वरच्या जुन्या दगडखाणीच्या कडेला वळण आहे. तिथे दोर बांधायचा आणि दोन माणसं उभी करायची. त्यातला एक मी. तिथे कोणीही धावणार नाही, चालणार. वेळ गेला तर गेला. मला आपल्याच सोसायटीतल्या एखाद्या आईबापाच्या दारात वाईट बातमी घेऊन जायचं नाही.

पाण्याचा वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो वजन. तरुण मंडळींनी आदल्या संध्याकाळीच दोन जार वर न्यावेत. कागदी पेले नकोत, प्रत्येक घरातून दोन स्टीलचे पेले द्या, वहिनींनी खाली नावं घालून ठेवावीत म्हणजे नंतर भांडणं नकोत. कोणी पडलंच तर गाडी एआरएआयच्या बाजूच्या रस्त्यानेच वर येऊ शकते, म्हणून ती तिकडेच उभी राहील. तिथवर आणायला घोंगडी आणि दोन बांबू खाणीपाशी ठेवू.

वनरक्षकांना आपण अर्ज दिला आहे. वाटेवरची एखादी काटेरी फांदी डोळ्यांत जाण्यासारखी असेल तर ती ते दाखवतील आणि तेच कापतील. आपल्यापैकी कोणी कोयता आणू नये.

येत्या रविवारी सकाळी सहाला गेटपाशी जमायचं. माझ्याकडे चार खराटे आहेत, अजून सहा लागतील. पायांत उंच मोजे घाला, कुसळं टोचतात. चहा माझ्याकडून.