लॉन आणि खडीच्या मधली कड

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत ‘आमचं काम, आमचा अनुभव’ या तासाला रोपवाटिका गटाच्या अध्यक्ष ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली, म्हणून त्यांच्याच शब्दांत छापत आहोत.)

मला आज लॉनच्या कडेवर बोलायला सांगितलंय. तुम्ही म्हणाल, कडेवर काय बोलायचं? चार विटा लावल्या की झाली कड. मलाही असंच वाटायचं. त्यापायी आमच्या गटाचे दोन महिन्यांचे पैसे अडकले आणि एका बाईचा डोळा जाता जाता वाचला. म्हणून सांगते.

२०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. त्यानंतर आमच्या भागातही शेतावर पाहुणे ठेवणारी केंद्रं वाढली. आमचा गट रोपं विकायचा. अशाच एका केंद्राच्या मालकदादांनी विचारलं, रोपं देताच आहात, तर बाग करून राखायचंही काम घ्याल का? आम्ही घेतलं. दोन बाजूंना हिरवळ, मधून ६० फुटांची खडीची वाट आणि एका आंब्याभोवती गोल आळं, तेही खडी भरलेलं. बाग राखायचे महिन्याला ६,००० रुपये ठरले.

आता जिथं गवत संपतं आणि खडी सुरू होते, तिथं मधे काहीतरी आडवं लागतं. नाहीतर गवत खडीत पळतं आणि खडी गवतात येते. लॉनला आपण हरळीच्या जातीचं गवत लावतो. बांधावरची हरळी कशी पसरते हे तुम्हाला मी सांगायला नको. वरून तंतू धावतात आणि मातीखालून मुळ्या धावतात. माणसांच्या पायानं खडी उडते ती वेगळीच.

गटाच्या बैठकीत विषय निघाला. आमच्यात एक आक्का आहेत, सगळ्यांत वडील. पंधरा वर्षं वीटभट्टीवर राबल्यात. त्या हळूच म्हणाल्या, “पक्की वीट उभी लावा.” मी म्हणाले, “आक्का, बांबू लावू. शहरातल्या पाहुण्यांना बांबू आवडतो.” सगळ्या हो म्हणाल्या. अध्यक्षच बोलल्यावर कोण नाही म्हणणार?

एक गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नाही. बांबू माझ्या दिराच्या बेटातला होता. ३५ बांबू, ८० रुपयांनी, २,८०० रुपये. भाव काही जास्त लावला नव्हता. पण माल माझ्या घरचा होता आणि निर्णयही मीच रेटला.

जानेवारीत बांबूचे फूटफूट तुकडे केले, मधून चिरले आणि ओळीनं ठोकले. दिसायला फार देखणं दिसलं. लोकांनी फोटो काढले. पावसाळ्यात मातीतला भाग काळा पडला. खालून वाळवी लागली. दसऱ्यापर्यंत हात लावला की तुकडा हातात यायचा. काळी माती फुगली तशी जे उभे राहिले होते तेही वाकले. खडी गवतात आली, आणि गवत वाढलेलं असल्यानं ती दिसेना.

दिवाळीच्या तोंडावर गवत कापायला आम्ही पेट्रोलवरचं कटर लावलं. पातं गरागरा फिरतं, त्यात एक खडा सापडला. तो उडाला तो सरळ आक्कांच्या चष्म्यावर. काच फुटली. डोळ्याच्या वर भुवईला जखम झाली, दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, चष्मा नसता तर डोळा गेला असता.

मालकदादांनी कड दुरुस्त होईपर्यंत पैसे थांबवले. मला राग आला, पण चूक त्यांची नव्हती. पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि दिराच्या बांबूचं सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी काही बोललं नाही. आक्काच म्हणाल्या, “आता वीट बघायची का?”

यावेळी आम्ही कागद घेऊन बसलो. पाच प्रश्न लिहिले. माती कोणती? पाऊस किती? कड सरळ आहे की वळणाची? गवत कशानं कापणार? आणि गावाजवळ काय मिळतं? मग एकेक वस्तू या पाच प्रश्नांतून काढली.

बांबू आणि लाकूड. मातीत गाडलेलं ओलं-सुकं होत राहतं आणि कुजतं. बांबूला औषध दिलं तरी जमिनीत पावसानं ते निघून जातं. कुंपणाला, मांडवाला बांबू चांगला. कडेला नको.

प्लॅस्टिकची पट्टी. गुंडाळी मिळते, वळणाला सोपी जाते, एका दिवसात काम होतं. पण हलकी पट्टी उन्हानं कडक होऊन तडकते, खुंट्या कमी मारल्या की नागासारखी वर येते.

लोखंडी पट्टी. बारीक, सरळ, शहरातल्या बागेत छान दिसते. महाग पडते, गंजते, आणि वरची धार बोथट केली नाही तर अनवाणी पोरांचा पाय कापतो.

जुने टायर आणि काचेच्या बाटल्या. फुकट मिळतात म्हणून मोह होतो. टायरात पाणी साठून डेंगीचे डास होतात. बाटली फुटली की काच गवतात जाते. आमच्या गटानं ठरवलंय, लावायच्या नाहीत.

सिमेंटची जागेवर ओतलेली कड. मुरमाड जमिनीत उत्तम. काळ्या मातीत मात्र सांभाळून. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि सलग सिमेंट मधेच तडकतं. करायचीच तर खाली मुरमाचा थर चांगला ठोकायचा आणि दर चार-पाच फुटांवर सांधा सोडायचा.

दगडाचं मात्र जरा थांबून सांगते, कारण दगड गावोगाव बदलतो. आपल्याकडं काळा पाषाण. तो कधी कुजायचा नाही, पण घडवलेला दगड महाग आणि अनघड लावला तर सांधे मोठे राहतात, त्यातून गवत निघतं. कोकणातल्या ताईंकडं जांभा आहे. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कापायला सोपा, आणि हवा लागल्यावर कडक होतो. तिकडं चिऱ्याचे दोन भाग करून उभे लावले तर दुसरं काही शोधायला नको. शेवाळ धरतं तेवढं घासावं लागतं. शहाबादी फरशीचे तुकडे दुकानदार स्वस्तात देतात. उभे गाडले तर कड बारीक आणि सरळ येते, पण पाण्यात राहून तिचे पापुद्रे सुटतात, आणि गोल आळ्याला ती वळत नाही.

शेवटी आली वीट. भट्टी तीन किलोमीटरवर. एकेक वीट सुटी असते, त्यामुळं गोलाला वळते. माती हलली तर एक वीट काढून परत बसवता येते. पण वीट कुठलीही चालत नाही. आक्कांनी आम्हाला भट्टीवर नेऊन शिकवलं, ते सांगते.

दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. खणखणीत आवाज आला पाहिजे, भद्द आला तर कच्ची. नखानं ओरखडा उठता कामा नये. कोरडी वीट वजन करून एक दिवस-रात्र पाण्यात बुडवायची आणि परत वजन करायचं. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी प्याली, तर घ्यायची नाही. पिवळसर वीट पहिल्याच पावसाळ्यात भुगा होते. उलट खंगर वीट, म्हणजे जास्त भाजून काळपट झालेली, बांधकामाला कुणी घेत नाही कारण ती वेडीवाकडी असते. आपल्या कडेला तीच सोन्यासारखी! फार वाकडी तेवढी बाजूला काढायची.

आता हिशोब. वाटेच्या दोन बाजू म्हणजे १२० फूट. आंब्याचं आळं ८ फूट रुंद, त्याचा घेर साधारण २५ फूट. एकूण १४५ फूट. वीट ९ इंच उभी, ४ इंचाची बाजू कडेला. एका फुटाला ३ विटा, म्हणून ४३५. फुटतुटीला धरून ४७० घेतल्या. खंगर ६ रुपयांना मिळाली. झाले २,८२० रुपये. बांबूला २,८०० गेले होते, ते मी परत परत वाचलं. मुरूम आणि टेंपो धरून ४,५०० झाले. मजुरी आमचीच, सहा जणी तीन दिवस.

बसवायची रीत अशी. दोरी लावून फूटभर खोल चर. तळाला तीन इंच मुरूम, पाणी मारून धुमसानं ठोकलेला. त्यावर विटा उभ्या, एकमेकींना घट्ट चिकटवून. दोन्ही बाजूंनी माती ठोकून घ्यायची. आता नीट ऐका, कारण सगळं काम या मापावर आहे. विटेचा माथा लॉनच्या मातीच्या बरोबरीनं आला पाहिजे, आणि खडी माथ्यापेक्षा एक इंच खाली. माथा वर ठेवला तर पाणी लॉनमध्ये तुंबतं, माणूस ठेचाळतो आणि यंत्राचं पातं विटेला लागतं. खडी वर आली तर कड असून नसल्यासारखी. खडीखाली विणलेली चटई मिळते ती घाला. प्लॅस्टिकचा कागद नको, त्यानं पाणी मुरत नाही.

आणि कड लावली म्हणजे आपण सुटलो, असं नाही. विटांच्या सांध्यांतून हरळी येतेच. महिन्यातून एकदा कडेनं खुरपं फिरवायचं. कडेपासून वीतभर गवत कात्रीनं किंवा विळ्यानं कापायचं, तिथं कटर न्यायचं नाही. कापायच्या आधी दोघींनी लॉनमधून चालत खडे वेचायचे. कटर धरणारीला जाड चष्मा आणि बूट, आणि बाकीच्या जणी लांब. हे लिहून शेडच्या दाराला लावलंय.

या कडेला आता दोन पावसाळे झाले. सात विटा बदलल्या. थांबलेले १२,००० रुपये कड झाल्यावर लगेच मिळाले. आक्कांच्या चष्म्याचे आणि टाक्यांचे पैसे गटानं दिले, आणि बांबूचे २,८०० मी माझ्या बचतीतून भरले. दीर आठवडाभर बोलले नाहीत, मग बोलायला लागले.

त्यानंतर गटात दोन ठराव झाले. गटासाठी माल घेताना ज्या बाईच्या घरचा माल असेल, तिनं ते आधी सांगायचं आणि त्या निर्णयाच्या वेळी बाहेर बसायचं. मग ती अध्यक्ष का असेना. दुसरा, जिनं त्या कामात हात घातलेला आहे तिचं बोलणं आधी ऐकायचं, आणि ते इतिवृत्तात लिहायचं. आक्कांना सही येत नाही. पण आमच्या इतिवृत्तात आता त्यांचं बोलणं सगळ्यात जास्त असतं.

ज्या गटांना अशी कामं घ्यायची आहेत त्यांनी बघायला जरूर या. येताना आपल्या गावच्या भट्टीच्या दोन विटा घेऊन या, आक्का वाजवून सांगतील.