रोज सकाळी एक सिंह



पुढे उसळलेली प्रचंड निळी लाट आणि मागे इवलासा फुजी पर्वत, हे जपानी चित्र मोबाइलच्या कव्हरवर नाहीतर टी-शर्टवर सगळ्यांनी पाहिलं असेल. ते काढलं तेव्हा कात्सुशिका होकुसाई सत्तरीचा होता. पण आजची गोष्ट त्याच्या पुढच्या दहा-अकरा वर्षांनंतरची.

होकुसाईच्या संसाराची घडी तोवर पार विस्कटली होती. बायको वारलेली. नातू उधळ्या, त्याची कर्जं आजोबांच्या डोक्यावर. 1839 मध्ये घराला आग लागली आणि वर्षानुवर्षांची रेखाटनं जळून गेली. घरं तर त्याने आयुष्यात नव्वदहून जास्त वेळा बदलली म्हणतात. केर काढत बसण्यापेक्षा बिऱ्हाड हलवणं त्याला सोपं वाटत असावं!

1842 साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्याने एक नेम धरला. रोज सकाळी कागद घ्यायचा, शाईत कुंचला बुडवायचा, एक सिंह काढायचा, शेजारी तारीख घालायची. त्या दिवसाची इडापिडा टळावी, एवढाच हेतू. होकुसाई मोठा भाविक होता. ध्रुवताऱ्याच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या म्योकेन या देवतेवर त्याची श्रद्धा होती. आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले असतात, तसे जपानी देवळांच्या दारात सिंह राखण करतात. होकुसाईचे सिंह मात्र नुसते राखण करत बसत नाहीत. कुणी गुरगुरतो, कुणी नाचतो, काही ठिकाणी तर सिंहाचा मुखवटा चढवलेला माणूसच ठेका धरतो. चार-दोन फटकाऱ्यांत उरकलेली ही चित्रं आहेत. विकण्यासाठी काढलेली नाहीत, हे बघताक्षणी कळतं.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. चातुर्मासात रोज 33 गोपद्मं काढण्याचं व्रत घरातल्या आजींना ठाऊक असेल. त्या रांगोळीला कुणी ग्रेड देत नाही. शाळेतल्या मुलांच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या ग्रेडला दहावीत वाढीव गुण मिळतात. ते जरूर मिळवा. पण गुणांसाठी काढलेलं चित्र परीक्षेबरोबर संपतं, नेमाचं चित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं. म्हाताऱ्या होकुसाईला हे दुसरं हवं होतं. काल हात थरथरला असेल, नातवाचा सावकार दारात येऊन गेला असेल, तरी आजचा कागद कोरा असायचा.

सिंहांमुळेच तो सावरला, असं ठासून सांगणं धाडसाचं होईल. पुढे काय घडलं ते मात्र समोर आहे. एदोपासून, म्हणजे आजच्या तोक्योपासून, दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या ओबुसे गावी तो याच दशकात जाऊन राहिला. तिथल्या उत्सवी रथांच्या छतांवर त्याने ड्रॅगन आणि खवळलेल्या लाटा रंगवल्या. 1848 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, तिथल्याच गान्शोइन मंदिराच्या छतासाठी भलाथोरला पौराणिक पक्षी चितारला. ऐंशीनंतरची ही कामं बघताना थकव्याची खूण शोधावी लागते, आणि ती सहजी सापडत नाही.

सिंहांचं काय झालं? मात्सुशिरो संस्थानातल्या एका सामुराईने होकुसाईकडे चित्र मागितलं होतं. त्याला मिळाला या सकाळच्या कागदांचा गठ्ठा. त्याच्या घराण्याने तो जपला, म्हणून त्यातले 219 कागद आज क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.